बोलण्याचे टक्के

मुलांना बोलतं करणं हे गेली चार वर्षं माझं काम आहे आणि त्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं कंपनीतले लोक म्हणतात. मी ऑनलाइन गणित शिकवते. नवीन शिकवणाऱ्यांना दाखवायला कंपनीने माझ्या एका तासाचं रेकॉर्डिंग ठेवलं आहे. त्यात नववीतली एक मुलगी वजा गुणिले वजा अधिक का होतं ते स्वतःच्या शब्दांत सांगते आणि मी मध्येमध्ये फक्त "हं, मग?" एवढंच म्हणते. लोकांना ते फार आवडतं. मला ते बघवत नाही. त्या मुलीला मी बोलतं केलं नसतं तर बरं झालं असतं, असं आज मला स्पष्टच वाटतं, आणि का वाटतं ते एकदा लिहून काढायचं आहे.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही जयपूरला आलो. त्याआधी मी महाराष्ट्रात एका शाळेत तेरा वर्षं गणित शिकवलं होतं. जगतपुऱ्यात सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, सामान लागलं आणि मग दिवसभर करायचं काय, हा प्रश्न उभा राहिला. इथल्या शाळांमध्ये मला हिंदी बोलताना ऐकलं की मुख्याध्यापिका कसनुसं हसायच्या. म्हणून मी लॅपटॉपसमोर बसले. मागच्या खोलीत कपाटाला पाठ लावून, हातात पडद्यावर लिहायची प्लास्टिकची लेखणी घेऊन मी देशभरातल्या मुलांना बीजगणित शिकवू लागले.

शाळेतली शांतता मला ओळखता यायची. न कळल्याची शांतता वेगळी, कंटाळ्याची वेगळी, आणि मागच्या बाकावर काहीतरी शिजतंय त्याची तर फारच वेगळी. पडद्यावर यातलं काही कळत नाही. तिथे एक काळा चौकोन असतो, त्यात मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर असतं आणि कोपऱ्यात माइक बंद असल्याची लाल खूण. "समजलं का?" असं विचारलं की खाली चॅटमध्ये 'यस मॅम' उमटतं. न समजलेलं पोरही 'यस मॅम'च लिहितं, आणि उठून पाणी प्यायला गेलेलंसुद्धा आल्यावर तेच लिहितं.

कंपनी प्रत्येक तासानंतर एक तक्ता पाठवायची. शिक्षक किती टक्के बोलला आणि विद्यार्थी किती टक्के. माझ्या पहिल्या महिन्याच्या तक्त्यात मी जवळजवळ सगळा वेळ बोलत होते. माझ्यावर देखरेख करणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची होती. तिने अतिशय गोड आवाजात मला सांगितलं की मॅडम, तुमचं शिकवणं छान आहे, पण मुलं बोलत नाहीत, आणि मुलं बोलली नाहीत तर पुढच्या सत्रात तुम्हाला विद्यार्थी देता येणार नाहीत. मी तणतणले. गणित शिकवायला बसलेय, वक्तृत्व नाही, असं नवऱ्याला ऐकवलं. त्याने मान डोलावली आणि जेवत राहिला.

पण नंतर मी माझ्याच एका तासाचं रेकॉर्डिंग लावून बघितलं आणि मला लाज वाटली. मी प्रश्न विचारत होते आणि श्वास घ्यायच्या आत मीच उत्तर देत होते. आपण शिकवतोय या आनंदात मी तेरा वर्षं हेच केलं असणार. तेव्हापासून मी स्वतःला सुधारायला घेतलं. प्रश्न विचारला की जीभ दाताखाली धरून गप्प बसायचं. "समजलं का?" हा प्रश्न कायमचा बंद. त्याऐवजी "यात कुठे चुकायची भीती वाटते?" असं विचारायचं. मुद्दाम गणित चुकवायचं आणि पोरांना पकडू द्यायचं. शिक्षकाची चूक पकडायला मिळाली की मुकं पोरही तोंड उघडतं. टक्के वर चढू लागले, आणि मी त्यांच्या आहारी गेले.

ती मुलगी एप्रिलमध्ये आली. आईवडिलांनी मराठी बोलणारी शिक्षिका मागितली होती म्हणून तिला माझ्याकडे टाकलं. आठवड्यातून चार दिवस, दुपारी तीन ते चार. पहिले दोन आठवडे तिचा आवाज मी ऐकलाच नाही. कॅमेरा बंद, माइक बंद. गणित मात्र ती पडद्यावरच्या पाटीवर सोडवायची, बारीक नीटनेटक्या अक्षरात. वजा चिन्ह आलं की हमखास चुकायची. का चुकतेस विचारलं की चॅटमध्ये 'सॉरी मॅम'. माझ्या सगळ्या युक्त्या वापरून झाल्या. मुद्दाम चुकले तर ती माझ्या चुकीभोवती हळूच एक लाल गोल करायची, बस्स. तिच्या तक्त्यात विद्यार्थ्याच्या बोलण्यासमोर शून्य यायचं. माझ्या सगळ्या मुलांत ते एकच शून्य होतं आणि ते मला सलायचं.

मग एका दुपारी आंधी आली. जयपुरात उन्हाळ्यात ही धुळीची वावटळ अशी येते की पाच मिनिटांत आकाश पिवळं होतं. मी खिडकी लावायला उठले आणि परत येऊन बघते तर चॅटमध्ये तिने लिहिलं होतं, 'मॅम रुको, आंधी. खिडकी.' मी विचारलं, तू जयपूरला असतेस का? कंपनीच्या नियमाप्रमाणे विद्यार्थ्याचा पत्ता विचारायचा नसतो, पण धूळ दोघींच्याही नाकात होती. तेव्हा पहिल्यांदा तिने माइक उघडला. आधी कूलरची मोठी घरघर ऐकू आली आणि त्यातून एक बारीक आवाज, "हो मॅम. रेल्वे क्वार्टरमध्ये."

त्या दिवशी मी गणित बाजूला ठेवलं. वडील काय करतात विचारलं. मालगाडी चालवतात, म्हणाली. मी खुर्चीत सरसावून बसले. माझे वडीलही मालगाडीचे ड्रायव्हर होते. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये माझं लहानपण गेलं. हे तिला सांगितलं तेव्हा पलीकडून एक छोटं हसू ऐकू आलं, आणि मला वाटलं, सापडली वाट.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, वजा म्हणजे काय ते इंजिन घेऊन सांग बघू मला. बराच वेळ नुसता कूलर ऐकू येत होता. मग ती हळू आवाजात बोलू लागली. "मॅम, मतलब इंजिनाचं तोंड उलटीकडे केलं, ते एक मायनस. मग ड्रायव्हरने रिव्हर्स टाकला, ते दुसरं मायनस. तर गाडी कुठे जाणार? पहिले जिकडे जात होती तिकडेच ना." मी "हं, मग?" म्हणत राहिले आणि ती पुढे पुढे जात राहिली. तीन वेळा रिव्हर्स केलं तर काय, चार वेळा केलं तर काय, सम आणि विषम संख्यांपर्यंत ती एकटीच पोचली. हेच ते रेकॉर्डिंग. खरं सांगायचं तर तेरा वर्षांच्या नोकरीत मला असा तास मिळाला नव्हता. लॅपटॉप मिटल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि आनंदाने दोन वेळचा चहा एकदम केला.

पण पुढच्या तासाला पुन्हा लाल खूण. मी म्हटलं, माइक उघड. तिने चॅटमध्ये लिहिलं, 'बाबा झोपले आहेत मॅम. रात्रभर गाडीवर होते.' दोन खोल्यांचं क्वार्टर, कूलर एकाच खोलीत. वडील त्याच खोलीत झोपणार आणि ही त्याच खोलीत भिंतीशी बसून शिकणार. स्वयंपाकघरात बसून पाहिलं होतं तिने, पण मे महिन्यात तिथे फोन इतका तापायचा की आपोआप बंद पडायचा.

इथे मी जे केलं ते दुसऱ्या कुठल्या शिक्षिकेने केलं नसतं. तिने म्हटलं असतं, बरं बाळा, लिहून सांग. पण मी ड्रायव्हरची मुलगी. मला सगळं माहीत होतं. आमच्या ओळीतल्या बाकीच्या ड्रायव्हरांकडे दुपारी पोरांना घराबाहेर काढायचे, बायका भांडीसुद्धा जपून ठेवायच्या. आमच्याकडे तसलं काही नव्हतं आणि त्याचा मला फार अभिमान होता. आम्ही तिघं भावंडं बाबांच्या खाटेशेजारी पत्ते खेळायचो, भांडायचो, पाढे म्हणायचो, आणि बाबा भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेले असायचे. एकदाही उठून ओरडले नाहीत. म्हणून मी त्या मुलीला अधिकाराने सांगितलं, अगं, इंजिनात दिवसरात्र एवढा गोंगाट ऐकणाऱ्या माणसाची झोप तुझ्या एवढ्याशा आवाजाने मोडत नाही. शिवाय कूलर आहेच. माझे बाबा आमच्या गोंधळात झोपायचे. तू बिनधास्त बोल.

मग लाल खूण गेली.

त्यानंतरचे पाच-सहा आठवडे मी सुखात होते. ती मुलगी इतकी बोलायची, की मला मध्ये शिरायला जागा मिळायची नाही. शून्याने भागायचं का नाही यावरून माझ्याशी भांडली. दोन चलांतल्या समीकरणांना 'दोन गाड्या एका रुळावर' म्हणायला लागली आणि त्या कुठे भेटणार ते बोटाने हवेत दाखवू लागली, कारण आता कॅमेराही चालू असायचा. मराठी बोलता बोलता हिंदीत जायची, पुन्हा परत यायची. तिच्यामागे एक पलंग दिसायचा आणि त्यावर चादर ओढून, भिंतीकडे तोंड करून झोपलेला माणूस. कधी पलंग रिकामा असायचा, म्हणजे वडील लाइनवर. पण बहुतेक वेळा तो माणूस तिथे असायचा. मला ते दृश्य इतकं ओळखीचं होतं की बघून बरं वाटायचं. शाळेच्या चाचणीत तिला चांगले गुण मिळाले. माझ्या तक्त्यात तिच्या नावापुढे साठ आले. देखरेख करणाऱ्या मुलीने त्या इंजिनवाल्या तासाचं रेकॉर्डिंग मागून घेतलं.

जूनच्या सुरुवातीला एक फोन आला. तिची आई बोलत होती. वऱ्हाडातलं बोलणं, दबका आवाज, मागून भांड्यांचा आवाज नाही की काही नाही. आधी तिने मुलीच्या गुणांबद्दल माझे आभार मानले. मग अडखळत म्हणाली, "मॅडम, तिनं लिहून दाखवलं तर नाही चालणार का? यांची दुपारची झोप होते थोडीशी." मी तिला थांबवलं. बोलण्याने मुलांचं डोकं कसं चालतं, तिची मुलगी किती पुढे गेली आहे, आता पुन्हा गप्प केली तर सगळं कसं वाया जाईल, हे मी तिला चांगली दहा मिनिटं समजावलं. मुलांना बोलू द्यावं हे सांगताना त्या बाईला मी एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही. शेवटी विचारलं, त्यांनी स्वतः काही म्हटलंय का? ती म्हणाली, "नाही, ते काहीच नाही म्हणत." मी म्हटलं, मग झालं तर. माझे वडीलही तुमच्या मालकांसारखेच होते, ताई. तुम्ही काळजी करू नका. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

साठातले दहा-पंधरा टक्के कमी झाले असते तर माझं काय बिघडणार होतं, हे मी आता स्वतःला विचारते. तेव्हा विचारलं नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ती ओळीने तीन तास आली नाही. चौथ्या दिवशी आईचा निरोप आला की काही दिवस क्लास नको. मी लगेच फोन लावला. त्या बाईने मला सगळं सांगितलं, अगदी सपाट आवाजात, दुसऱ्या कुणाच्या घरची हकिकत सांगावी तशी. पहाटेच्या वेळी एका छोट्या स्टेशनाबाहेर सिग्नल लाल होता. यांना दिसला होता. ब्रेक लावायला हात उशिरा गेला. इंजिन सिग्नल ओलांडून थोडं पुढे जाऊन थांबलं. पुढे रूळ मोकळा होता, कुणाला काही लागलं नाही. पण लाल सिग्नल ओलांडला की ओलांडला, त्यात थोडा आणि जास्त असं काही नसतं. कामावरून थांबवलं होतं आणि चौकशी सुरू होती. चौकशीत विचारलं, ड्युटीवर यायच्या आधी घरी झोप झाली होती का. यांनी लिहून दिलं, पूर्ण झाली होती. असं लिहून दिल्यामुळे दोष सगळा त्यांच्यावरच आला.

मी विचारलं, झाली नव्हती का झोप? ती म्हणाली, उन्हाळा होता मॅडम, लाइट जात होती, आता कशाकशाला दोष द्यायचा. तिने माझं नाव घेतलं नाही. तिने मला चार शब्द सुनावले असते तर फार बरं झालं असतं. मुलीबद्दल विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली की तिला कोणी काही बोललं नाही, पण ती तेव्हापासून गप्पच आहे.

फोन ठेवला आणि मी ते रेकॉर्डिंग उघडलं. तोवर मी ते कौतुकाने चार-पाच वेळा पाहिलं होतं. या वेळी मी मुलीकडे लक्ष दिलं नाही, तिच्या मागचं ऐकलं. कूलरच्या घरघरीत, ती 'दुसरं मायनस' म्हणते त्याच्या जरा नंतर, एक पुरुष खोकतो. तो खोकला झोपेतला नव्हता. घशाशी आलेला दाबून, हळूच सोडलेला होता. थोड्या वेळाने पलंग कुरकुरतो. शेवटी पुन्हा एकदा कुरकुरतो. हे सगळं तासाच्या वेळी माझ्या कानांवर पडलं होतंच. मी "हं, मग?" म्हणत होते.

माझे वडील जाऊन अकरा वर्षं झाली. मी आईला फोन केला आणि आडवळणाने विचारलं, की बाबा दुपारी आमच्या गोंधळात खरंच झोपायचे का गं? आईला वाटलं मला त्यांची आठवण येतेय. ती म्हणाली, "झोपायचे की नुसते पडून राहायचे, कोण बघायला गेलंय. मी स्वयंपाकघरात असायचे." मग तिने माझ्या प्रकृतीची चौकशी केली. मला त्या दिवसापासून भिंतीकडे वळलेली बाबांची पाठ आठवते आणि ती पाठ झोपलेल्या माणसाची होती असं आता छातीठोकपणे म्हणता येत नाही. कुणाच्या तरी झोपेवर मी इतकी वर्षं टेंभा मिरवला, आणि त्याच टेंभ्याच्या जोरावर एका परक्या माणसाची झोप मोडली.

जुलैच्या मध्यावर ती मुलगी परत आली. वेळ संध्याकाळी सहाची मागितली होती. काळा चौकोन, लाल खूण. मी पाटीवर गणित लिहायचे, ती खाली सोडवायची. वजा चिन्ह आता कधीच चुकायचं नाही. मी इंजिनाचा विषय काढला नाही आणि तिनेही काढला नाही. तीन आठवडे आम्ही दोघी अशा मुक्याने गणितं करत होतो. तक्त्यात शून्य यायला लागलं. देखरेख करणाऱ्या मुलीने काळजीने विचारलं की मॅडम, तुमची ती स्टार विद्यार्थिनी, तिला काय झालं? मी सांगितलं, तिचा माइक खराब आहे.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी स्कूटर काढली आणि त्यांच्याकडे गेले. पत्ता तिच्या आईकडून मागून घेतला होता. कंपनीच्या नियमात हे बसत नाही, पण नियमांचं मला तेव्हा काही पडलं नव्हतं. माफी मागायची, एवढंच डोक्यात होतं. जगतपुऱ्यापासून स्टेशनच्या मागे जाईपर्यंत मी वाक्यं जुळवत होते आणि एकही धड जुळत नव्हतं.

दार वडिलांनीच उघडलं. पडद्यावर मी त्यांची फक्त पाठ पाहिली होती. समोरून ते माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असतील, बारीक अंगाचे, डोक्यावर पांढरे केस दिसू लागलेले. "या, या मॅडम," म्हणत त्यांनी घाईने शर्टाची बटणं लावली. तोच पलंग, तोच कूलर, भिंतीशी तीच जागा. मुलगी आतून पाण्याचा ग्लास घेऊन आली, माझ्या पाया पडली आणि पलंगाच्या कडेला जाऊन बसली. पडद्यावर वाटायची त्याहून बरीच लहान दिसत होती. आई चहाला आत गेली.

मी सुरुवात केली. म्हटलं, माझी चूक झाली, मी तिला बोलायला लावायला नको होतं, तुमच्या मिसेसने सांगूनही मी ऐकलं नाही. त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. मुलीकडे एकदा बघितलं आणि मला बाहेरच्या ओट्यावर चला म्हणाले.

बाहेर कडुलिंबाखाली त्यांची मोटरसायकल उभी होती. तिच्या सीटवर हात ठेवून ते बोलले. गाडीवरून काढून शेडमध्ये बसवलंय, म्हणाले. दिवसाची ड्युटी. इंजिनाला हात लावायचा नाही, कागद लिहायचे. रात्री घरी येऊन झोपतो, पण झोप येत नाही ती नाहीच. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही काही मनाला लावून नका घेऊ. मी झोपत नव्हतो ते खरं हाय. पण तिच्या आवाजानं नाही. मी ऐकत राहायचो. पोरगी एवढी बोलते हे मला माहीतच नव्हतं. घरात असलो की मी झोपेलच राहायचो, अन् ती चूपच. चौदा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. तुमचा क्लास असला की मी डोळे मिटून पडायचो अन् ऐकायचो."

मोटरसायकलच्या आरशावरची धूळ त्यांनी अंगठ्याने पुसली.

"आता ती बोलूनच नाही राहिली," ते म्हणाले. "शाळेत नाही, आईशी नाही, माझ्याशी तर नाहीच. मी किती सांगितलं तिला की तुझ्यामुळे काही नाही झालं. मान हलवते. तुम्हीच तिला बोलतं केलं होतं मॅडम. पुन्हा एकदा करून पाहा."

आम्ही आत आलो. आईने चहा ठेवला होता. वडील दाराला टेकून उभे राहिले, आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. मी त्या मुलीच्या शेजारी पलंगावर बसले. ज्या कामात माझा हात कोणी धरू शकत नाही असं म्हणतात, ते काम आता मला त्या दोघांसमोर करून दाखवायचं होतं. माझ्याकडे एकही युक्ती उरली नव्हती. होत्या त्या सगळ्या टक्क्यांसाठीच्या होत्या. मी तिची वही मागितली, त्यात एक गणित लिहिलं, आणि म्हटलं, हे कसं करशील?

तिने पेन्सिल घेतली. एकेक पायरी लिहीत गेली, तेच बारीक नीटनेटकं अक्षर, कुठे खाडाखोड नाही. वडिलांची नजर वहीकडे नव्हती, तिच्या ओठांकडे होती. उत्तर काढून झाल्यावर तिने त्याखाली दोन रेघा मारल्या आणि वही माझ्याकडे सरकवली.

उत्तर बरोबर होतं. तसं मी तिला सांगितलं. घरात कोणीही झोपलेलं नव्हतं, दिवस लख्ख होता, तरी माझ्या तोंडून ते इतकं हळू आलं की मला स्वतःलाच जेमतेम ऐकू गेलं.

"जोरात बोला मॅडम," दारातून वडील म्हणाले. "आता चालते."